डावा पीळ

लिलावघरात तिला सगळे दांडीबाई म्हणत. एकतीस वर्षांत कामाला एकही दांडी न मारलेल्या बाईला हे नाव पडावं याची नव्या माणसाला गंमत वाटे; जुन्यांना वाटेनाशी झाली होती. नाव पडलं होतं पेल्यांच्या दांड्यांवरून. जुन्या व्हेनिशियन धाटणीच्या वाइनच्या पेल्याला वर वाटी असते, खाली बैठक असते, आणि मधल्या दांडीत कारागिराने आपली सगळी हौस भागवून घेतलेली असते. कुठे पोकळ गाठ, कुठे साच्यात फुंकलेलं सिंहाचं तोंड, कुठे दोन्ही अंगांना चिमट्याने दाबून काढलेले पंख. लिलावाच्या कॅटलॉगसाठी या दांड्यांचं वर्णन करायचं, हे तिचं काम. वाटी आणि बैठक कुणीही लिहावी. दांडी आली की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिच्या टेबलाकडे बोट दाखवत.

संशय हा तिच्या कामाचा भाग होता आणि स्वभावाचाही, आणि त्यातला कुठला आधी आला हे तिलाही सांगता आलं नसतं. पेला हातात आला की ती आधी त्याच्यावर डोळे वटारायची. वाटी जुनी आणि दांडी नवी तर नाही? मोडलेली दांडी सांधून वर पंख चिकटवून लपवलेली तर नाही? बैठकीच्या कडेला खालून बारीक ओरखडे असतात, पिढ्यान् पिढ्या टेबलांवर सरकल्याचे. ते खरे, की कुणी विटेवर घासून आणलेले? नखाने चाचपायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं, भिंगातून बघायचं, आणि मग दोन ओळी लिहायच्या. त्या दोन ओळींवर गिऱ्हाइकं डोळे झाकून विसंबत.

घरी आल्यावरही हा कारखाना बंद होत नसे. शेजारणीने झाडाची लिंबं पाठवली की लिंबांना काय झालंय ते ती आधी बघे. टपालाचं पाकीट आपल्याआधी कुणी उघडलं नाही ना, हे कड तपासून ठरवी. ‘आज छान दिसताय’ असं कुणी म्हटलं तर या माणसाला आपल्याकडून काय हवंय, याचा दिवसभर विचार करी. घरात तिच्याखेरीज फक्त तिचा थोरला भाऊ, दादा. तो काचेच्या भट्टीवर आयुष्य काढून निवृत्त झालेला. त्याची बायको गेली, हिने लग्नाचं मनावर घेतलंच नाही, तेव्हा दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं, त्याला वीस वर्षं झाली होती. दादा म्हणे, "हिला स्वर्गात नेलं ना, तरी ही आधी दाराच्या बिजागऱ्या बघेल."

थोरल्या साहेबांच्या जागी आता त्यांचा मुलगा साहेब म्हणून बसत होता. त्याची एकच तक्रार होती. "बाई, एकदा तरी ‘एकमेव’ असं लिहा हो. एकमेव म्हटलं की माणसं खुर्चीत पुढे सरकतात."

"जगातले सगळे पेले बघून या, मग लिहिते," असं तिचं उत्तर ठरलेलं. हा शब्द तिने एकतीस वर्षांत एकदाही कागदावर उतरवला नव्हता.

आणखी एक वाक्य तिच्या तोंडी नेहमी असे. थोरल्या साहेबांनी तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं, की हातात घेतल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. ती हे नव्या लोकांना सांगायची आणि वर जोडायची, "मी आजवर एकही दांडी हातात न घेता लिहिलेली नाही." हे वाक्य धादांत खोटं होतं. एकदा, फक्त एकदा, तिच्या पहिल्याच कॅटलॉगमध्ये, सत्तेचाळीस नंबरच्या पेल्याला, ते घडलं होतं.

तर त्या सत्तेचाळीस नंबरचं भूत एका सकाळी बिस्किटांच्या डब्यातून आलं.

डबा घेऊन आलेली बाई शाळेत भूगोल शिकवणारी होती. तिने डब्यातून एक मफलर काढला, मफलरमधून एक पेला काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"आमचे सासरे गेले मागच्या महिन्यात," ती म्हणाली. "घर आवरतोय. हा त्यांच्या कपाटात होता. समोरच्या, काचेच्या दाराच्या. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"त्यांनी आणला कुठून?"

"काय माहीत! विचारलं की म्हणायचे, उस्तादाचं काम आहे, तुम्हाला नाही कळायचं."

"सासरे काय करायचे?"

"मुकादम होते कारखान्यात."

कसला कारखाना, हे दांडीबाई विचारणारच होती, पण तेवढ्यात तिची नजर पेल्यावर नीट पडली आणि प्रश्न तोंडातच राहिला. दांडी नागमोडी होती. काचेचा एक जाड दोर पाच वळणं घेऊन सापासारखा वर गेलेला, पाठीवर चिमट्याने काढलेले तुरे, आणि काचेच्या पोटातून लाल-पांढरा धागा पिळत पिळत चढलेला. खालच्या गाठीत हवेचा एक थेंब अडकला होता.

साहेब मागे येऊन उभे राहिलेले तिला कळलंही नाही. त्यांना दांड्यांतलं कळत नसे, पण कॅटलॉग त्यांना पाठ होते. ते आत गेले आणि एक जुनाट वही-आकाराचं पुस्तक उघडून वाचतच बाहेर आले.

"सत्तेचाळीस. नागमोडी दांडी, पाच वळणांची, पाठीवर तुरे. आतला लाल-पांढरा धागा डाव्या पिळाचा. खालच्या गाठीत हवेचा एक थेंब." त्यांनी पुस्तक मिटलं. "बाई, हे तुम्हीच लिहिलंय! पाच वळणं! डावा पीळ! थेंबसुद्धा! हा तर त्याचा जोडीदार आहे हो!"

भूगोलाच्या बाईंचा चेहरा उजळला. दांडीबाईने मात्र हातातला पेला पटकन खाली ठेवला.

याचं कारण जगात फक्त तिला माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी ती नोकरीला लागून तीन महिने झाले होते. छापखाना खोळंबला होता, आणि सत्तेचाळीस नंबरचा पेला मालकाने आठवड्यासाठी परत नेला होता. समोर होता फक्त फोटो, अंगठ्याएवढा. धागा लाल-पांढरा आहे एवढं तिला लांबून, कपाटात बघितलेलं आठवत होतं. बाकी सगळं तिने फोटोवरून लिहिलं. थोरल्या साहेबांची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यांनी विश्वासाने सही केली. वर्षभराने तोच पेला नव्या मालकाकडून तपासणीला आला, आणि तिने तो पहिल्यांदा हातात घेतला. पीळ उजवा होता. फोटोवाल्याने निगेटिव्ह उलटी लावली होती.

साप उलटा दिसला तर कुणाला काही वाटत नाही. पेला पाठमोरा धरला की त्याचं तोंड या बाजूचं त्या बाजूला जातंच. पण आतल्या धाग्याचा पीळ तसा बदलत नाही. पेला फिरवा, उपडा करा, काहीही करा, उजवा तो उजवाच. स्क्रूचे आटे बदलत नाहीत तसंच हे. आणि हवेचा थेंब? तो खऱ्या पेल्यात नव्हताच. फोटोवर धुळीचा कण बसला होता, त्याला तिने थेंब केलं होतं. तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने पेला गुंडाळून ठेवला आणि ती गोष्ट पोटात ठेवली, ती आजतागायत.

म्हणजे समोर होता तो पेला जुना असूच शकत नव्हता. एक चूक योगायोगाने जुळेल, दोन कशा जुळतील? ज्याने कुणी हा बनवला, त्याने तिच्या दोन ओळी समोर ठेवून बनवला होता. हा पेला खोटा आहे हे ओळखू शकणारी ती जगात एकटीच होती, आणि ते सांगायचं तर स्वतःचं खोटंही सांगावं लागणार होतं. गप्प बसावं, तर तिच्याच शब्दाच्या जोरावर एक बनावट माल उजळ माथ्याने विकला जाणार होता. बोलावं, तर एकतीस वर्षांचं नाव एका दुपारी धुळीला मिळणार होतं.

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली. साहेबांना यात काही नवल वाटलं नाही. बाईंना दोन दिवस प्रत्येक पेल्याला लागत.

ते दोन दिवस तिच्या संशयाला नुसतं उधाण आलं. आधी ती भूगोलाच्या बाईंवर घसरली: मफलर फारच नेमका जुना होता. मग साहेबांवर: इतक्या झटकन तेच पान कसं सापडलं? मग फोटोवाल्यावर. तो बिचारा केव्हाच दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेला होता, पण निगेटिव्ह त्याच्याकडे होती ना! तिने चौकशी केली तर कळलं, की त्याला दोन वर्षांपासून माणसंही ओळखू येत नाहीत. एवढ्यावरही तिने त्याला पुरता सोडला नाही. यादीत नुसता खाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेला परत भिंगाखाली घेतला. बैठकीच्या कडेला ओरखडे जवळजवळ नव्हतेच. म्हणजे हा जुना दिसावा अशी कुणी खटपटही केली नव्हती. हे विचित्र होतं. फसवणारा माणूस इतका आळशी नसतो. मग तिने धाग्यातला लाल रंग बघितला. जुन्या पेल्यांतला लाल जरा मळकट, विटकरी असतो. हा लालबुंद होता, लांबून गाडी थांबवणारा लाल. असा लाल तिने लहानपणापासून बघितला होता. दादाच्या कारखान्यात सिग्नलच्या दिव्यांच्या काचा बनत.

तिने मन घट्ट केलं आणि सापाच्या पाठीवरचे तुरे बघितले. चिमट्याने काच दाबली की चिमट्याच्या दात्यांचे वळ उमटतात. इथे दर तुऱ्यावर तीन वळ होते, मग एक रिकामी जागा, मग पाचवा वळ. चौथा दाता मोडका होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने चपलाही न काढता स्वयंपाकघरातली तेलाची बाटली उचलली. दादाने ती वहिनीसाठी बनवली होती, फार वर्षांपूर्वी. बाटलीचा कान चिमट्याने दाबलेला होता. तीन वळ, रिकामी जागा, एक वळ. वीस वर्षं ती रोज या कानाला धरून तेल ओतत होती.

"काय गं, तेल संपलं का?" बाहेरच्या खोलीतून दादाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि बाटली जागेवर ठेवली.

आपल्याच घरात. आपल्याच ताटाला ताट लावून जेवणारा. तिला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग सगळं भराभर जुळायला लागलं. दादा तिचे कॅटलॉग नेहमी वाचायचा. दादा डावखुरा होता. डाव्या हाताने फुंकनळी फिरवली की पीळ डावा येणारच! मग अशा आणखी किती दांड्या त्याने खपवल्या असतील? त्यांतल्या किती तिनेच अस्सल म्हणून लिहिल्या असतील? जेवताना ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. सकाळी तो चहा पीत असताना कपाच्या वरून बघत राहिली.

"माझ्या घोटांची मोजदाद चाललीय का?" दादाने विचारलं. "एक-दोन जास्त झाले असतील तर सांग, थुंकून टाकतो."

ती हसली नाही. तो दूध आणायला खाली गेला तशी तिने त्याच्या पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली. फडक्यात गुंडाळलेला चिमटा वरच होता. चौथा दाता नव्हता. त्याच्याखाली एक पुस्तक होतं. तिचा पहिला कॅटलॉग, कडा मऊ पडलेल्या, पाठीला चिकटपट्टी. हातात घेताच तो आपोआप सत्तेचाळीसवर उघडला. ‘डाव्या पिळाचा’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. एकदा नाही, तीनदा.

दादा दुधाची पिशवी घेऊन दारात उभा होता.

"माझी पेटी तपासतेस?" त्याचा आवाज चढला नाही, पण चेहरा पडला. "मला मागितलं असतंस तर दाखवलं नसतं का?"

"तो पेला तू बनवलास," ती म्हणाली. "आमच्याकडे आलाय. जुना म्हणून आलाय. खरं सांग दादा, किती बनवलेस? कुणाला विकलेस?"

दादाने दूध खाली ठेवलं. त्याला खाली बसायला जरा वेळ लागला.

"एक," तो म्हणाला. "विकला नाही. मुकादमाला दिला."

मग त्याने जे सांगितलं त्यात लपवाछपवीचा लवलेश नव्हता. दादा सोळाव्या वर्षी भट्टीवर लागला तेव्हा मुकादमाने त्याचा डावा हात पहिल्या आठवड्यातच सोडवला. डाव्या हाताने नळी फिरवली की तापलेली काच शेजारच्याच्या अंगावर जाते, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण त्याची सांगायची रीत म्हणजे मनगटावर लाकडी पट्टी. चार महिन्यांत दादा उजव्याने काम करायला शिकला. चांगलं करायला लागला. पण हात आपला नाही, कुणाचा तरी मागून आणलेला आहे, असं त्याला जन्मभर वाटत राहिलं.

"मग एके दिवशी तुझं पुस्तक आलं," दादा म्हणाला. "मी कौतुकाने वाचायला घेतलं. आणि तिथे लिहिलेलं, डाव्या पिळाचा. मी तीनदा वाचलं. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी तिकडे कुणीतरी होता की नाही माझ्यासारखा? आणि त्याला कुणी पट्टी मारली नाही! उलट त्याची दांडी लोक अजून जपतात. तुला त्याच्याबद्दल अजून विचारायला आलो होतो मी, आठवतं? तू वस्सकन अंगावर आलीस. त्याचं नाव काढू नकोस म्हणालीस. मला वाटलं, हिला वाटतंय मी नक्कल करीन. म्हणून मग तुला कळूच दिलं नाही."

"पण तू तर उजव्याने काम करायचास. मग हा डावा..."

"तुझी ओळ वाचली म्हणून डाव्याने केला. जेवणाच्या सुट्टीत, सहा महिने. पंधरा-सोळा तुकडे झाले. शेवटचा टिकला. गाठीत तो हवेचा थेंब राहीना, त्यानेच जास्त रडवलं. त्याच महिन्यात मुकादम निवृत्त झाला. सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, डाव्याने केलाय. एक शब्द बोलला नाही म्हातारा. गुंडाळून घेऊन गेला. मला वाटलं, वाटेत फेकून दिला असेल."

दांडीबाईला आता कारखाना कसला होता हे विचारायची गरज उरली नाही.

"फेकला नाही," ती म्हणाली. "शेवटपर्यंत समोरच्या कपाटात होता. कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याची सून सांगत होती. म्हणायचा, उस्तादाचं काम आहे."

"कोण म्हणायचा?"

"मुकादम."

दादाने डाव्या हाताने डोळे पुसले आणि पुसतोय हे लपवलंही नाही. "उस्ताद म्हणाला?" त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

आता इथे थांबता आलं असतं. कुणीच चोर नव्हतं. ना सून, ना साहेब, ना फोटोवाला, ना भाऊ. सगळ्या जगाच्या बिजागऱ्या तपासून झाल्या होत्या आणि खोटं निघालं होतं ते एकच, तिची ओळ. हा पेला नवा आहे, माझ्या भावाने बनवलाय, एवढं साहेबांना सांगितलं तरी भागलं असतं. सत्तेचाळीसची गोष्ट झाकलीच राहिली असती. पण समोरचा माणूस तिचं मऊ पडलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता आणि त्या पानावरून बोट फिरवत होता. तिला ते बघवेना.

"दादा, तो डावखुरा कारागीर नव्हता," ती म्हणाली. "मी पेला हातात घेतला नव्हता. फोटोवरून लिहिलं. फोटो उलटा छापला होता. खरा पीळ उजवाच आहे, मी नंतर बघितलाय. थेंब पण नव्हता. धूळ होती फोटोवर."

दादाने वर बघितलं नाही. "कधी कळलं तुला?"

"वर्षभराने."

"तीस वर्षं मी त्याच्याशी बोलत होतो गं," तो म्हणाला. "मनातल्या मनात. काम करताना. काय उस्ताद, आज जमतंय का, असं. आणि तो नव्हताच?"

"नव्हता."

"म्हणजे डावा मी एकटाच."

तो उठला, त्याने पुस्तक पेटीत ठेवलं, पेटी पलंगाखाली सरकवली आणि दूध तापवायला गेला. तिच्याशी तो त्या दिवशी पुढे बोलला नाही. ती कामावर निघाली तेव्हाही नाही. तिला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती, आणि यात दुसऱ्या कुणावर संशय घ्यायची सोयही उरली नव्हती.

लिलावघरात तिने साहेबांना सगळं सांगितलं, उभ्यानेच. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"बाई, हे बाहेर सांगायचं नाही," ते म्हणाले. "पेला परत करू, जुळला नाही म्हणू. संपलं. एकतीस वर्षांपूर्वीचं कोण काढतंय?"

"मी काढतेय. पुढच्या कॅटलॉगमध्ये शुद्धिपत्र छापा."

"लोक म्हणतील, एक चुकलं तर बाकीची कशावरून बरोबर?"

"म्हणू देत. मला पण तसंच वाटतंय. माझं सगळं मी परत तपासणार आहे."

साहेबांनी हात टेकले. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, एवढं त्यांनी कबूल केलं. भूगोलाच्या बाईंना तिने बोलावून घेतलं आणि त्यांच्यापासूनही काही लपवलं नाही. त्यांचा पेला काही मोठी रक्कम आणणार नव्हता, हे ऐकून त्या नाराज होतील असं तिला वाटलं होतं. त्या मात्र भलतंच बोलल्या.

"म्हणजे ते उस्ताद तुमचे भाऊ? अजून आहेत?" त्यांनी मफलर उलगडला. "मग हा विकायचा नाहीच. कपाटात ठेवते परत. त्यांना एकदा घेऊन या आमच्याकडे. सासरे शेवटी शेवटी सारखे म्हणायचे, त्याला सांगायचं राहून गेलं."

"काय सांगायचं?"

"ते नाही बोलले."

घरी दादा पाच दिवस तुटक वागला. चहा करून ठेवायचा, पण हाक मारायचा नाही. मुकादमाच्या सुनेचा निरोप तिने सांगितला तेव्हा नुसता हुंकार दिला. रविवारी मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो आपणहून तयार झाला आणि "चल, पत्ता दाखव," म्हणाला. कपाटासमोर तो उभा राहिला तेव्हा सुनेने दार उघडून दिलं. दादाने पेला हातात घेतला नाही. खिशात हात घालून नुसता बघत राहिला. परत येताना अर्ध्या वाटेत म्हणाला, "दुसरं वळण जरा ढिलं पडलंय." तिला हायसं वाटलं, तो परत बोलायला लागला होता.

महिन्याभराने कॅटलॉग छापून आला. तिने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि भांडी घासायला गेली. दादाने चष्मा लावला, मग तिचं भिंगही घेतलं, आणि थेट शेवटचं पान काढून मोठ्याने वाचायला लागला.

"शुद्धिपत्र. माझ्या पहिल्या कॅटलॉगमधील सत्तेचाळीस क्रमांकाचा पेला: पीळ उजवा वाचावा. हवेचा थेंब नाही. वर्णन पेला हातात न घेता केले होते. चूक माझी." त्याने भिंग पुढच्या ओळीवर सरकवलं. "याच घडणीचा, नागमोडी दांडीचा, डाव्या पिळाचा पेला: काम अलीकडचे, एका डावखुऱ्या भट्टी-कारागिराचे. खालच्या गाठीत हवेचा थेंब. खाजगी संग्रहात. विक्रीसाठी नाही. एकमेव."

नळ चालू होता. तिने तो बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

"एकमेव?" दादाने विचारलं. त्याच्या आवाजात तिचाच स्वर होता, वर्षानुवर्षं ऐकून उचललेला. "नक्की? फोटो बघून नाही ना लिहिलंस?"

"नाही," ती म्हणाली. "हातात घेऊन लिहिलंय."